बी. लिब. आणि वर्गीकरणाचा पेपर

ग्रंथपाल घडवण्याचे देशातले पहिले वर्ग 1911 मध्ये बडोद्यात निघाले. संस्थानात गावोगावी वाचनालये उघडत होती आणि ती चालवायला माणसे हवी होती, म्हणून शिक्षण थेट कामासाठीच होते. पुढे लाहोर, मद्रास, मुंबई असा प्रवास करत हा विषय विद्यापीठांकडे गेला. तिथे लेखी परीक्षा आल्या आणि वर्गीकरणाचे प्रात्यक्षिक, म्हणजे पुस्तकाला विषयानुसार क्रमांक देण्याचा सराव, हा बी. लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाचा कणा बनला.

खरा वाद आहे तो याच प्रात्यक्षिकाचा. एस. आर. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण (कोलन क्लासिफिकेशन) ही पद्धत 1933 मध्ये मद्रासला प्रसिद्ध झाली. तिचा कर्ताच तिथे शिकवत होता, त्यामुळे ती अभ्यासक्रमात आली आणि पक्की बसली. ‘भारतातील फुफ्फुसांच्या क्षयरोगावरील क्ष-किरण उपचार’ असे शीर्षक घ्यायचे, त्यातला अवयव, रोग, उपचार, देश सुटा करायचा आणि ठरलेल्या क्रमाने अंक जुळवायचे. विषय उलगडायची ही शिस्त अप्रतिम आहे, आणि बाजू घेणारे तेच सांगतात. पण शिकून बाहेर पडलेल्याच्या हाती बहुतेक कॉलेजांत ड्यूईचे दशांश वर्गीकरण येते: मराठी कादंबरी म्हटली की 891.463. द्विबिंदूची सातवी आवृत्ती 1987 ला आली, तरी वर्गात वर्षानुवर्षे 1960 ची सहावीच चालली. द्विबिंदू पद्धत सिद्धान्ताच्या पेपरात ठेवून प्रात्यक्षिकाचे तास मोकळे करायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण महाराष्ट्रातले काम वेगळ्या वाटेने वाढले. 1967 च्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळाले, पण ग्रंथालय कर काही लागला नाही. अ, ब, क, ड वर्ग ठरले आणि दरवर्षीची तपासणी आली. दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणी, अनामत आणि अनुदानाचा हिशेब यांतच तिथल्या ग्रंथपालाचा दिवस जातो. अनेक वाचनालयांत पुस्तके आजही दाखल क्रमांकानेच, म्हणजे आली त्या क्रमाने, लावलेली असतात. बी. लिब.च्या वर्षात या कागदांना फारच थोडी जागा मिळाली.

संगणक आल्यावरही तालिकेची कार्डे हाताने लिहून घेणे लगेच थांबले नाही. आता कोहा, ई-ग्रंथालय या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालींचे तास असतात आणि काही ठिकाणी इंटर्नशिपही आहे. मात्र ती बहुधा कॉलेजच्या ग्रंथालयात होते. तालुक्याच्या वाचनालयात, तपासणीच्या तोंडावर, क्वचितच.