पाणकणीस: रुंद पानांचे आणि अरुंद पानांचे

दलदलीत दाटीने वाढणारे, तपकिरी मखमली कणसांचे पाणकणीस दुरून एकाच जातीचे वाटते. टायफा लॅटिफोलिया आणि टायफा अँगुस्टिफोलिया या दोन जातींत तर हमखास गल्लत होते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्येच त्यांना वेगळी नावे दिली ती पानांच्या रुंदीवरून. पहिलीची पाने साधारण एक ते अडीच सेंटीमीटर रुंद असतात, दुसरीची बहुधा एक सेंटीमीटरच्या आत. पण कोवळ्या रोपांची पाने अरुंदच असल्याने केवळ पानावर विसंबू नये.

त्याहून बोलकी खूण कणसात आहे. वर नर फुलांचा आणि खाली मादी फुलांचा भाग असतो. लॅटिफोलियात हे दोन्ही भाग बहुधा एकमेकांना चिकटलेले असतात, तर अँगुस्टिफोलियात त्यांच्यामध्ये काही सेंटीमीटर उघडा दांडा दिसतो आणि मादी कणीसही सडपातळ असते. मात्र पराग सांडल्यावर नर फुले गळतात आणि लॅटिफोलियाच्या कणसावरही उघडा दांडा उरतो. नवखा निरीक्षक त्यालाच अंतर समजतो. अशा वेळी गळलेल्या फुलांचे वण दांड्यावर नेमके कुठून सुरू होतात ते पाहावे. सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर निर्णय आणखी सोपा होतो, कारण लॅटिफोलियाचे परागकण चार-चारच्या गटात असतात, अँगुस्टिफोलियाचे सुटे.

पाण्याच्या खोलीवरून जात ओळखण्याचा मोह होतो, कारण लॅटिफोलिया काठाजवळ आणि अँगुस्टिफोलिया खोल पाण्यात आढळते. ग्रेस आणि वेटझेल या संशोधकांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून याचे कारण पुढे आले: अँगुस्टिफोलिया एकटी असेल तर उथळ पाण्यातही वाढते, परंतु रुंद पानांमुळे प्रकाशाच्या स्पर्धेत सरस ठरणारी लॅटिफोलिया तिला खोल पाण्याकडे ढकलते. म्हणजे शेजार बदलला की जागाही बदलते, म्हणून ही खूण दुय्यमच मानावी.

खरी अडचण संकराची आहे. दोन्ही जातींपासून होणाऱ्या टायफा ग्लॉकात कणसातील अंतर मधलेच असते आणि परागकण सुटे, जोडीने, तीन-तीन, चार-चार असे मिसळलेले दिसतात. त्याचे बी फारसे रुजत नसले तरी जमिनीखालच्या आडव्या खोडांच्या बळावर त्याने उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या काठच्या पाणथळ जागा मोठ्या प्रमाणावर व्यापल्या आहेत. तिथे बाह्य खुणांवरून एकेका झाडाची जात ठामपणे सांगणे धाडसाचेच आहे. खात्री हवी असेल तर जनुकीय तपासणी करावी लागते.