ज्यू झाला तो मॅडॉक्स, कॅरू नव्हे

धर्मांतर करून ज्यू झालेला कृष्णवर्णीय बेसबॉलपटू कोण, असं विचारलं की अमेरिकेतही अनेकांच्या तोंडी रॉड कॅरूचं नाव येतं. नाव मोठं, माहिती चुकीची. धर्मांतर केलं ते एलियट मॅडॉक्सनं.

गल्लत होण्यासारखं बरंच आहे. दोघेही कृष्णवर्णीय, सत्तरच्या दशकात दोघेही बेसबॉलच्या अमेरिकन लीगमध्ये. त्यात 1994 साली टीव्हीवर आलेल्या हनुक्का या ज्यू सणावरच्या एका विनोदी गाण्यानं कॅरू ज्यू झाल्याचं ठोकून दिलं. गाणं हिट झाल्यावर तपासत कोण बसतं!

कॅरूचा जन्म 1945 चा, पनामा कालव्याच्या पट्ट्यात, तोही आगगाडीत. बॅटिंगचं विजेतेपद (हंगामातली सर्वोत्तम सरासरी) सात वेळा, हिट, म्हणजे यशस्वी फटके, 3053, आणि 1977 मध्ये सरासरी .388. क्रिकेट बघणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल; पण बेसबॉलमध्ये दहातून तीनदा हिट जमला तरी उत्तम म्हणतात, हा जवळजवळ चारला टेकला. 1970 मध्ये त्यानं ज्यू मुलीशी लग्न केलं. गळ्यात ‘खाय’चं पदक असायचं (ज्यूंच्या हिब्रू भाषेत ‘जिवंत’). मुलीही ज्यू म्हणून वाढल्या. लोकांना एवढं पुरलं. पण परंपरेनं आई ज्यू असली की मुलं ज्यूच, बापानं धर्म बदलायची गरज नाही. आणि नुसत्या लग्नानं कुणी ज्यू होत नाही. आधी अभ्यास, मग ‘बेथ दिन’, म्हणजे तिघांच्या धर्मन्यायमंडळासमोर उभं राहणं, शेवटी ‘मिकवा’ या विधीच्या कुंडात डोक्यावरून पाणी जाईल अशी बुडी. केससुद्धा वर राहता कामा नयेत. कॅरूनं धर्मांतर केलंच नाही.

मॅडॉक्सनं केलं. न्यू जर्सीचा हा मुलगा मिशिगन विद्यापीठात शिकताना ज्यू धर्माच्या अभ्यासाकडे वळला होता. 1974 मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाकडून त्याची सरासरी .303 होती, गाडी आत्ता कुठे रुळावर येत होती. यांकी स्टेडियमचं नूतनीकरण चालू असल्यानं संघ तेव्हा शहराच्या मालकीच्या शे स्टेडियमवर खेळायचा. जून 1975 मध्ये तिथे चेंडूमागे धावताना डावा पाय घसरला, उजवा चिखलात रुतला आणि गुडघा गेला. पुढे 1980 पर्यंत खेळला, पण तो बहर पुन्हा आला नाही. त्यानं न्यूयॉर्क शहरावर दावा लावला. मैदान ओलं आहे, हे त्यानं सामन्यातच मैदानाच्या कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं. 1985 मध्ये कोर्टानं नेमकं तेच धरलं: ठाऊक असूनही खेळलात, तेव्हा जोखीम तुमची.