जन्मजात हृदयदोष असलेल्या तरुणांमधील उभारी

जन्मापासून हृदयात दोष असलेला मुलगा किंवा मुलगी आजार, शस्त्रक्रिया आणि कायमच्या तपासण्या सोबत घेऊन शिक्षण, मैत्री, नोकरीत पाय रोवते, तेव्हा त्या क्षमतेला उभारी किंवा रेझिलियन्स म्हणतात. उभारी म्हणजे न घाबरणे नव्हे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री रडलेली मुलेही पुढे उभी राहतात.

दर हजार जन्मांमागे सुमारे ८ ते ९ बाळांना असा दोष असतो. १९४४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ‘निळ्या बाळा’वर, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी पडून निळसर दिसणाऱ्या बाळावर, पहिली शंट शस्त्रक्रिया (फुप्फुसांकडे जास्त रक्त नेणारी वाट जोडणे) झाली. कल्पना बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची, प्रयोगशाळेत तंत्र बसवले व्हिव्हियन टॉमस यांनी आणि शस्त्रक्रिया केली आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी. आज प्रगत उपचार मिळणाऱ्या देशांत अशी ९० टक्क्यांहून अधिक मुले प्रौढ होतात. ती जगू लागली, म्हणून ती कशी जगतात हा प्रश्न आला.

दोष जितका गंभीर तितके मन खचलेले, असे सरळ गणित आढळत नाही. समाजशास्त्रज्ञ आरोन अँटोनोव्हस्की यांनी मांडलेली ‘सुसंगतीची जाणीव’ इथे अधिक उपयोगी पडते: जे घडते ते समजते, ते पेलता येते आणि त्यासाठी झटण्यात अर्थ आहे, असे वाटणे. भारतासह १५ देशांतील सुमारे ४,००० प्रौढ रुग्णांच्या ‘अप्रोच-आयएस’ अभ्यासात ही जाणीव भक्कम असलेल्यांचे जीवनमानही चांगले आढळले.

‘समजणे’ इथेच गाडी अडते. डॉक्टर आईवडिलांशी बोलतात. मुलाला ‘हृदयाला छिद्र होतं’ एवढेच ठाऊक असते. खेळाच्या तासाला, डॉक्टरांनी मनाई केलेली नसतानाही, त्याला कडेला बसवतात. ही माया असते, पण तिने मुलाचा स्वतःच्या शरीरावरचा विश्वास उडतो. मुलींच्या बाबतीत छातीवरचा व्रण झाकण्याची आणि लग्न ठरताना आजार लपवण्याची सक्तीही येते.

फॅलोटचा दोष (हृदयात एकत्र असणारे चार जन्मजात दोष) घेऊन जन्मलेल्या शॉन व्हाइट यांनी स्नोबोर्डिंगमध्ये ३ ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवली. तरी एकाच कार्यक्षम जवनिकेवर (हृदयाच्या रक्त पंप करणाऱ्या खालच्या कप्प्यावर) जगणाऱ्या, जिना चढताना थांबणाऱ्या मुलीला ते उदाहरण मापदंड म्हणून देणे अन्यायाचे आहे.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हृदयदोषांची तपासणी आणि उपचार १८ वर्षांपर्यंत होतात. आपली फाइल स्वतः वाचण्याची, डॉक्टरांना स्वतः प्रश्न विचारण्याची वेळ नेमकी त्याच वयात येते.