विधी अभ्यासक्रमाची प्रवेशप्रक्रिया (ग्रामीण विदर्भ)

महाराष्ट्रातील एलएलबीचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. प्रथम सीईटी, मग केंद्रीभूत प्रवेशफेऱ्या, म्हणजे बोलीभाषेतला ‘कॅप’. या दोन्हींची नोंदणी वेगवेगळी असते. सीईटीचा निकाल हाती आल्यावर महाविद्यालयाच्या फोनची वाट पाहत बसलेले आणि कॅपची नोंदणी न केल्याने वर्ष गमावलेले विद्यार्थी तालुक्याच्या गावी दरवर्षी भेटतात.

अभ्यासक्रम दोन आहेत: बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी आधीच्या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला किमान 45, इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात. अपूर्णांक वर ओढला जात नाही, 44.80 म्हणजे 45 नव्हे. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून थेट बी.ए. केले असेल, तर वकिली शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही. पदवी खरी असूनही दार बंद होते, म्हणून हे फी भरण्याआधीच तपासावे.

वारंगा येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ, नागपूर या व्यवस्थेत नाही. तिथल्या पदवी प्रवेशासाठी ‘क्लॅट’ ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि ती परीक्षा बहुधा डिसेंबरातच उरकते. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, राज्याच्या सीईटीत कापत नाहीत. त्यामुळे सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही.

सीईटी संगणकावर होते: 120 प्रश्न, दोन तास. पाच वर्षांच्या परीक्षेत विधी अभियोग्यता 32, तर्क 32, सामान्यज्ञान 24, इंग्रजी 24 आणि गणित 8 असे प्रश्न असतात. तीन वर्षांच्या परीक्षेत गणित नसते. इंग्रजीचे 40, सामान्यज्ञानाचे 32 आणि उरलेल्या दोन विभागांचे 24-24. इंग्रजी वगळता प्रश्न मराठीतही दिसतात. मराठी माध्यमाची मुले बहुतेक इंग्रजीच्या 40 प्रश्नांतच मागे पडतात, कायद्यात नव्हे. परीक्षाकेंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाले तरी सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर आहे. आदल्या दिवशी पोहोचलेले बरे.

कागदपत्रे

खरी परीक्षा इथे आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी आणि अधिवास प्रमाणपत्र सर्वांनाच लागते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर मागास प्रवर्गांना शिवाय नॉन-क्रिमीलेअर लागते, आणि त्याची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत असावी लागते.

सर्वाधिक वेळ खाते ती वैधता. विज्ञान शाखेच्या मुलांना अभियांत्रिकी-वैद्यकीयसाठी ती लागते, म्हणून कनिष्ठ महाविद्यालय अकरावी-बारावीतच अर्ज करवून घेते. कला शाखेच्या मुलांना कोणी विचारत नाही, आणि वकिलीकडे वळणारी बरीच मुले कलेतलीच असतात. त्यांना जुलैत जाग येते. अर्ज बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावा.

जातीच्या नोंदीचा पुरावा ठरावीक तारखेआधीचा लागतो: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. 1956 पर्यंत विदर्भ आधी मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात असल्याने इथले पुरावे इतर महाराष्ट्रापेक्षा वेगळे दिसतात: आजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकातील (गावच्या नोंदवहीतील) जन्म-मृत्यूची नक्कल, 1954-55 ची अधिकार अभिलेख पंजी (जमिनीच्या हक्कांची नोंद). जिल्हा नवा असेल तर जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातही चौकशी करावी: गडचिरोलीकरांनी चंद्रपुरात (विभाजन 1982), गोंदियाकरांनी भंडाऱ्यात (1999), वाशीमकरांनी अकोल्यात (1998). वडिलांकडच्या रक्ताच्या नातलगाची वैधता असेल तर काम बरेच हलके होते. मामाची वैधता उपयोगी पडत नाही. जुन्या नोंदीत ‘कोष्टी’ (विणकर जात) आणि आजच्या दाखल्यात ‘हलबा’ (अनुसूचित जमात) असेल, तर 2000 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे जमातीचा दावा टिकणे अवघड आहे. अशा घरांनी खुल्या किंवा अन्य लागू प्रवर्गाचाही हिशेब आधीच करून ठेवावा. वैधता नसल्यास उमेदवार खुल्या यादीत जातो. वैधतेच्या अर्जाच्या पोचपावतीवर कधी मुदत मिळते, पण ते त्या वर्षीच्या सूचनेवर ठरते.

टीसीचा घोटाळा वेगळाच. कॅपच्या फेऱ्या पावसाळा संपेपर्यंत रेंगाळतात, म्हणून घरचे सावधगिरीने बी.ए.ला नाव घालतात आणि मूळ टीसी तिथे जमा होते. ती सोडवताना दिवस जातात, कधी फीही अडकते. जमा करण्याआधी साक्षांकित प्रती काढाव्यात. विधी महाविद्यालयात जागा लागताच बी.ए.च्या महाविद्यालयाची नवी टीसी काढून न्यावी.

अर्ज बहुधा नेट कॅफेत किंवा सेतू केंद्रात भरला जातो. तिथल्या माणसाचा मोबाइल क्रमांक आणि ई-मेल टाकला गेला, तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि आक्षेप दुरुस्त करायची मुदत कळतही नाही. क्रमांक आपला, पासवर्ड वहीत.

फेऱ्या आणि फी

कॅपमध्ये कागद ऑनलाइन तपासले जातात, गुणवत्ता यादी लागते, मग महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा. नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय, अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय, चंद्रपूरचे शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालय अशी नावे विदर्भातील मुलांच्या यादीत असतात. पहिल्या क्रमांकावर जिथे खरोखर जायचे तेच लिहावे: ते मिळाले की पुढच्या फेरीत बदलण्याची संधी साधारणपणे उरत नाही. क्रम लावताना खोलीभाडे आणि एसटीचा पासही मोजावा, कारण प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरीचा नियम आहे. गावी राहून फक्त परीक्षेला जाणे त्यात बसत नाही.

महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती आणि फीमाफी केंद्रीभूत फेरीतून आलेल्यांना मिळते. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तेही याच अटीवर. व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतल्यास हा लाभ जातो. फेऱ्यांना कंटाळून ऑगस्टात घाईने घेतलेली कोट्यातील जागा म्हणूनच सर्वांत महाग पडते.