नाताळच्या प्रथा: समज आणि दाखले

नाताळ हा मुळात रोमनांचा सूर्योत्सव होता आणि चर्चने तो आपलासा केला, हे विधान इतक्या वेळा छापले गेले आहे की त्याचा पुरावा सहसा कोणी मागत नाही. पुरावा आहे, मात्र तो जेवढे सांगतो त्याहून बरेच अधिक त्याच्याकडून वदवून घेतले जाते.

येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूचे चरित्र सांगणाऱ्या ग्रंथांत, दिलेली नाही. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने त्या काळी सुचवल्या जाणाऱ्या काही तारखांची नोंद केली. तीत २५ डिसेंबर नाही. हा दिवस प्रथम निःसंदिग्धपणे आढळतो तो इ.स. ३५४ मध्ये रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात. त्याच्या एका भागात २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हटला आहे, तर दुसऱ्या भागात त्याच तारखेपुढे ‘अजिंक्या’चा जन्मदिवस आणि रथांच्या ३० शर्यती अशी नोंद आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असे मानले जाते. सम्राट ऑरेलियनने या देवाचे मंदिर २७४ मध्ये उभारले, हे खरे. पण दोन्ही नोंदी एकाच संग्रहात असल्यामुळे कोणी कोणाचे अनुकरण केले हे त्यावरून ठरत नाही.

दुसरी उपपत्ती हिशेबाची आहे. पश्चिमेकडील ख्रिस्ती परंपरेत येशूला क्रुसावर चढवले तो दिवस २५ मार्च मानला जाई. गर्भधारणाही त्याच तारखेला झाली असे धरून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे ६ एप्रिलपासून मोजल्यास ६ जानेवारी येते, आणि आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च आजही त्याच दिवशी ख्रिस्तजन्म साजरा करते. या दोन उपपत्तींना परस्परविरोधी मानण्याचे मला तरी कारण दिसत नाही, कारण रोमन गणनेत २५ मार्च हा विषुवदिन आणि २५ डिसेंबर हा वर्षातील सर्वांत लहान दिवस मानला जात असे. सूर्यपूजक आणि ख्रिस्ती दोघेही तेच कॅलेंडर वापरत होते.

१७ डिसेंबरला सुरू होणारा सॅटर्नेलिया हा रोमन सणही नाताळचा पूर्वज म्हणून पुढे केला जातो. त्यात मेणबत्त्या आणि मातीच्या लहान मूर्ती भेट दिल्या जात, गुलामांना मालकांच्या पंक्तीचा मान मिळे. साम्य उघड आहे, पण हा सण २३ तारखेच्या पुढे जात नसे. हे नाते ठासून सांगण्यात प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधील कडवे प्रोटेस्टंट, पुढे होते. बॉस्टनचे धर्मोपदेशक इंक्रीज मॅदर यांनी १६८७ मध्ये नाताळविरुद्ध हाच युक्तिवाद केला. त्याआधी, १६४७ मध्ये, इंग्लंडच्या संसदेने नाताळ रद्द केला होता आणि त्या वर्षी कँटरबरीत दंगल उसळली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात तो साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरची सार्वजनिक सुटी १९५८ मध्ये आली. ज्या दाव्याकडे आज कुतूहलाची माहिती म्हणून पाहिले जाते, त्याचा एके काळी सण मोडण्यासाठी शस्त्र म्हणून वापर झाला होता, हे लक्षात ठेवलेले बरे.

नाताळच्या झाडाबाबत तर प्राचीनतेचा दावा आणखी दुबळा ठरतो. स्ट्रासबुर्गमधील १६०५ च्या एका वर्णनात बैठकीच्या खोलीतील फरच्या झाडावर कागदी गुलाब, सफरचंदे, पातळ पापडीसारखे वेफर आणि मिठाई टांगल्याचा उल्लेख आहे. सफरचंदांचा संबंध २४ डिसेंबरच्या आदम-हव्वेच्या नाटकांशी जोडला जातो आणि तो पटण्याजोगा आहे. ख्रिस्तपूर्व वृक्षपूजेपासून इथपर्यंतची सलग साखळी मात्र कोणी दाखवून दिलेली नाही. जर्मन घराण्यातून आलेल्या राणी शार्लटने १८०० मध्ये विंडसरला झाड सजवले, पण ही प्रथा सर्वसामान्यांत पसरली ती राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आल्यावर. दोन वर्षांनी अमेरिकेतील एका मासिकाने तेच चित्र राणीचा मुकुट आणि प्रिन्स अल्बर्टच्या मिशा पुसून छापले, म्हणजे राजघराणे एका फटक्यात साधे अमेरिकन कुटुंब झाले! झाडावर विजेचे दिवे १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लागले, तेही एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्या घरी.

शुभेच्छापत्र १८४३ चे. ते हेन्री कोल यांनी काढले आणि स्वस्त टपालसेवेच्या उभारणीतही त्यांचाच हात होता, हा योगायोग नव्हे. सांताक्लॉजचे मूळ मात्र खरोखर जुने आहे: चौथ्या शतकातील, आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथील बिशप संत निकोलस. त्यांचा ६ डिसेंबरचा सण नेदरलँड्समध्ये रुजला आणि त्यांची डच प्रतिमा न्यूयॉर्कमध्ये नव्या रूपात अवतरली. थॉमस नॅस्ट यांनी १८६३ पासून नियतकालिकांसाठी काढलेल्या चित्रांनी त्या रूपाला दाढी, पोट आणि खेळण्यांचा कारखाना दिला. लाल पोशाख कोका-कोलाने दिला हा समजही टिकत नाही, कारण त्या कंपनीची हॅडन संडब्लॉम यांनी रंगवलेली जाहिरात १९३१ ची आहे आणि लाल पोशाखातला सांता त्यापूर्वीच छापील चित्रांत वावरत होता.