कर्णबधिरांच्या संस्थेच्या विश्वस्तांना जाब विचारायचा असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

संस्था कर्णबधिरांची आणि कार्यकारी मंडळात सगळे ऐकू येणारे, असं असू शकतं का? कायद्याने असू शकतं. विश्वस्तांमध्ये अमुक इतके कर्णबधिर हवेत अशी अट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये नाही. ती संस्थेच्या नियमावलीत आणावी लागते, आणि त्यासाठी सभेत मतं लागतात. त्यामुळे धर्मादाय आयुक्तांकडे धाव घेण्याआधी आपण संस्थेचे कोण आहोत, हे कागदावर पाहून घ्या.

अर्ज कोण करू शकतो

नोंदणी क्रमांकापासून सुरुवात करा. तो संस्थेच्या पावतीवर किंवा लेटरहेडवर असतो. क्रमांकाआधी ‘एफ’ असेल तर ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था असून सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदलेली आहे. ‘ई’ असेल तर तो निव्वळ धर्मादाय न्यास. १९५० च्या कायद्याच्या कलम २(१०) मधली ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ या फरकावरच ठरते: ‘एफ’ संस्थेच्या बाबतीत सभासद, इतर न्यासात विश्वस्त किंवा लाभार्थी. वसतिगृहात राहणारा मुलगा किंवा प्रशिक्षण घेतलेली मुलगी ‘ई’ न्यासात सरळ लाभार्थी ठरते. ‘एफ’ संस्थेत मात्र समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो, की अर्जदार सभासदच नाही.

म्हणून सभासद व्हा, आणि वर्गणी थकू देऊ नका. संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १५ नुसार ३ महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर मताचा हक्क राहत नाही. निवडणूक जवळ आली की नेमक्या याच कारणाने नावं गळतात, तेव्हा पावती जपून ठेवा. सभासदत्वाचा अर्ज संस्था घेतच नसेल तर तो रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती पुढच्या तक्रारीला जोडा.

कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची संस्था असेल तर तक्रार कंपनी निबंधकांकडे जाते. गोव्यात १९५० चा हा कायदा लागू नाही.

आधी कागद, मग तक्रार

‘मंडळ मनमानी करतं’ एवढंच लिहिलेल्या अर्जाचं काही होत नाही. जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात नकलेचा अर्ज करून तीन गोष्टी मिळवा: परिशिष्ट १ चा उतारा, म्हणजे सध्या नोंदीवर असलेल्या विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता, संस्थेची घटना व नियमावली, आणि मागच्या काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. उताऱ्यावरची नावं आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारी माणसं जुळत नाहीत, असं बऱ्याचदा निघतं. विश्वस्त बदलल्यावर १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नसेल तर तुमचा पहिला मुद्दा तिथेच मिळाला.

लेखापरीक्षण अहवाल बहुतेक जण फक्त आकड्यांसाठी उघडतात. त्याच्यासोबत याच कायद्याखालच्या नियम १९ प्रमाणे एक प्रश्नावली असते, ती आधी वाचा. सभा नियमावलीप्रमाणे झाल्या का, इतिवृत्ताची पुस्तकं ठेवली आहेत का, विश्वस्तांपैकी कोणी संस्थेचा ऋणको (कर्जदार) किंवा धनको (कर्ज देणारा) आहे का, ५,००० रुपयांवरच्या दुरुस्तीला निविदा मागवल्या का, मागच्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या का, हे सगळं तिथे लेखापरीक्षकाच्या सहीने लिहिलेलं असतं. सलग दोन वर्षं एकच त्रुटी दिसली तर तुमच्या अर्जाचा निम्मा मसुदा तयारच झाला म्हणायचा.

संस्था सरकारी अनुदानावर चालत असेल तर माहितीचा अधिकारही वापरा. सरकारकडून भरीव निधी घेणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात सांगितलं आहे. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. संस्थेने दाद दिली नाही तर अनुदानाची कागदपत्रं पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे मागा.

कोणत्या कलमाखाली काय

चौकशी हवी असेल तर १९५० च्या कायद्याचं कलम ४१-ब. हितसंबंध असलेल्या व्यक्तीची लेखी तक्रार त्यासाठी पुरते, आणि धर्मादाय आयुक्त स्वतःहूनही चौकशी लावू शकतात. म्हणजे सभासद नसलेल्या पालकाचं पत्र अगदीच वाया जात नाही. कारभार नीट चालावा म्हणून विश्वस्तांना निर्देश हवे असतील तर कलम ४१-अ. विश्वस्ताला दूर करायचं असेल तर ४१-ड, पण त्याची कारणं कायद्यात मोजकी आहेत. त्यांतली मुख्य: हिशेब व अहवाल देण्यात वारंवार कसूर, कायदेशीर आदेश न जुमानणं, कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष, न्यासभंग, मालमत्तेचा अपहार, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा. ‘त्यांना सांकेतिक भाषा येत नाही’ हे त्यात बसत नाही. राग रास्त असला तरी तो मुद्दा निवडणुकीसाठी ठेवा.

अर्जाला सभासदत्वाचा किंवा लाभार्थी असल्याचा पुरावा, ओळखपत्र, वर मिळवलेल्या नकला आणि संस्थेशी झालेला पत्रव्यवहार जोडा. तारखेप्रमाणे मुद्दे लिहा, आणि सोबत प्रतिज्ञापत्र असलेलं बरं.

सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा मुद्दा वेगळा आणि महत्त्वाचा. सभेत ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं जातं. विषय आवाजात वाचला गेला, समोरच्यांनी हात वर केले म्हणून मागच्यांनीही केले, त्याला सर्वानुमत कसं म्हणायचं? सभेची सूचना हातात पडताच दुभाषी हवा अशी लेखी मागणी करा. नाकारली तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे जाता येतं. ते विश्वस्त बदलू शकत नाहीत, पण हक्क डावलल्याची चौकशी करू शकतात. दिव्यांगांसाठीच्या संस्थेला याच कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ते रद्दही होऊ शकतं. धर्मादाय कार्यालयातल्या सुनावणीलाही दुभाषी मागा. आपल्या पसंतीच्या भाषेत साक्ष आणि म्हणणं नोंदवण्याची सोय करणं ही २०१६ च्या याच कायद्याच्या कलम १२ नुसार सरकारची जबाबदारी आहे. मागणी मूळ अर्जातच, पहिल्या पानावर लिहा. तारखेच्या दिवशी तोंडी मागून दुभाषी मिळत नाही, पुढची तारीख मिळते.

जागेचा प्रश्न असेल तर थांबू नका. जुन्या संस्थांच्या शहरातल्या जागांवर बिल्डरांचं लक्ष असतंच. १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ नुसार स्थावर मालमत्ता विकायला, किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परवानगी न घेता व्यवहार चालला असेल आणि मालमत्ता हातची जायची भीती असेल तर कलम ४१-ई खाली मनाई मागता येते. इथे मात्र एकट्याचा अर्ज चालत नाही. हितसंबंध असलेल्या किमान २ व्यक्ती आणि प्रतिज्ञापत्र लागतं, तेव्हा सही करणारा दुसरा सभासद आधीच शोधून ठेवा.