पापुन्याचे ठिपके आणि वारमुनचा गेरू
ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं चित्र म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना ठिपकेच आठवतात. डॉट मंडलाच्या वर्कशॉपात पणतीवर रंगीत ठिपके दिलेल्यांनाही आपण तेच करतोय असं वाटतं. कोणी वारलीशीही नातं जोडतं. पण वारलीत गेरू भिंतीला असतो आणि चित्र तांदळाच्या पिठाचं, तेव्हा ते राहू दे.

ठिपकेवाली चित्रं तुम्ही पाहिलेली आहेत, म्हणून भराभर सांगतो. ॲलिस स्प्रिंग्जपासून साधारण २४० किलोमीटरवरची पापुन्या ही वस्ती, साल १९७१, जेफ्री बार्डन नावाचे शिक्षक आणि शाळेच्या भिंतीवर वस्तीतल्या जाणत्यांनी काढलेलं मधमुंग्यांचं चित्र. पुढच्या वर्षी चित्रकारांची स्वतःची कंपनी झाली. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, बाकी जागा ठिपक्यांनी भरलेली. रंग ॲक्रिलिक, म्हणजे कारखान्यात बनलेला.

वारमुन ही दुसरी वस्ती दूर वायव्येला, पूर्व किंबर्ली या भागात. हा गिजा लोकांचा मुलूख. तिथल्या चित्रांची सुरुवात एका अपघातातून झाली. रस्त्यावर जखमी झालेली एक बाई विमानातून पर्थला नेताना वारली. पुढे ती वारमुनच्या रोव्हर थॉमस यांच्या स्वप्नात आली आणि मेल्यानंतर कुठून कुठे फिरली ते तिने सांगितलं. त्यातून ‘गुरिर गुरिर’ हा गाण्यानाचाचा विधी उभा राहिला. त्यात नाचणारे रंगवलेल्या फळ्या खांद्यावर घेतात. पहिल्या फळ्या पॅडी जामिंजी यांनी रंगवल्या, नंतर थॉमस स्वतः रंगवू लागले आणि १९९० साली त्यांची चित्रं व्हेनिसच्या बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनात लागली.

ठिपके इथेही आहेत, पण काठाला. डोंगराच्या कडेने पांढऱ्या ठिपक्यांची एकच ओळ, परकराला गोट लावावा तशी. आत नुसता सपाट रंग. आणि तो रंग म्हणजे त्या मुलखातली मातीच: लाल काव, पिवडी, पांढरी माती, जोडीला कोळसा. खणून आणायची, दगडावर वाटायची, झाडाच्या डिंकात कालवायची. (अलीकडे डिंकाऐवजी तयार गोंदही चालतो.) कुंड्यांना गेरू लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको; हात कितीही धुवा, नखात तो उरतोच. या चित्रांजवळ गेलं की पृष्ठभाग रवाळ दिसतो, चकाकी अजिबात नाही. टेकडी दाखवायला टेकडीचीच माती. मला विचाराल तर ठिपक्यांनी गच्च भरलेल्या दहा चित्रांपेक्षा थॉमस यांचं एक रिकामं, तपकिरी चित्र मी जास्त वेळ बघत बसेन.

पण इथपर्यंत आलं की लोक लगेच म्हणतात, “म्हणजे मातीचं ते अस्सल आणि ॲक्रिलिकचं ते बाजारू.” माझं डोकं फिरतं ते इथे. पापुन्याची माणसं पूर्वी गेरू आणि वनस्पतींचा कापूस घेऊन जमिनीवरच चित्र मांडत आणि विधी झाला की पुसून टाकत. फळीवर आणि कॅनव्हासवर आल्यावर साधन बदललं, हक्क बदलला नाही. कुठल्या जागेची कथा कोणी काढायची हे आईबापांकडून, आजीआजोबांकडून येतं. दुसऱ्याने ती काढायची नाही, हातात कसलाही रंग असो. जमिनीशी नातं रंगाच्या डबीत शोधणाऱ्यांना हेच कळत नाही. ही चित्रं सातबाऱ्यासारखी वाचावी लागतात.

आणि हे मी उपमा म्हणून सांगत नाही. ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी १९९७ साली जमिनीवरचा दावा मांडताना ८ बाय १० मीटरचा एक कॅनव्हास रंगवला, ‘न्गुरारा’. तो लवादापुढे जमिनीवर अंथरला. एकेक जण उठायचा, चित्रातल्या आपल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राहायचा आणि आपल्या भाषेत आपली जागा सांगायचा. २००७ साली त्यांचा हक्क मान्य झाला. कॅनव्हासवरचा रंग ॲक्रिलिक होता.